दशमांश, दाखला आणि वेच्याचे दिवस : खारपाणपट्ट्यातल्या एका घरशाळेचं प्रकरण

अमरावती जिल्ह्यात दर्यापूर-अंजनगावच्या बाजूला पूर्णा नदीचा खारपाणपट्टा आहे. विहिरीला पाणी लागतं, पण खारं. म्हणून ओलित नाही. पावसावर कपाशी, तूर, मूग, आणि काळ्या जमिनीत ओल राहिली तर हिवाळ्यात हरभरा. अशा एका गावातलं हे घर. गावात ख्रिस्ती घर एवढंच. वडील आसपासच्या तीन गावांतल्या छोट्या ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आहेत आणि घरची चार एकर शेतीही वाहतात. आई डी.एड. झालेली. ती शिकून बाहेर पडली तोवर शिक्षकभरती आटली होती, म्हणून पदविका ट्रंकेत गेली आणि बाई वावरात. आजी, म्हणजे वडिलांची आई, मिशनच्या बोर्डिंगात सातवीपर्यंत शिकलेली. मुलं तीन : थोरली चौदा वर्षांची, मधला मुलगा अकराचा, धाकटी सात. २०२१ पासून २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत या तिघांपैकी कुणीही शाळेत गेलं नाही. तिघं घरी शिकली.

मी निवृत्त केंद्रप्रमुख. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाच्या यादीत हे घर आलं तेव्हा पहिल्यांदा गेलो, आणि निवृत्तीनंतरही जाणं-येणं राहिलं. कुटुंबाच्या संमतीनं लिहितो आहे. नावं आणि गाव गाळलं आहे.

घरी शिकवण्याचा विषय निघाला की लोक दोन बाजू घेतात. एक म्हणते शाळा कुचकामी, दुसरी म्हणते हे धर्माचं खूळ. या घराची कथा दोन्हीत बसत नाही. इथे जे साधलं ते आईच्या मोकळ्या तासांमुळे साधलं, जे बिघडलं ते तास संपल्यामुळे बिघडलं, आणि जे अडलं ते कागदापाशी अडलं. धर्माचा वाटा त्यात होताच, पण लोकांना वाटतो तिथे नव्हता.

शाळा सुटली कशी

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा थोरली तिसरीत होती. गावातली जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत, दोन शिक्षकी. पुढचं वर्ष फोनवर गेलं, आणि घरात फोन एक, तोही वडिलांबरोबर मंडळ्यांमध्ये फिरणारा. आईनं ट्रंकेतली पुस्तकं काढली. सवय लागली. थोरलीची चौथी कागदोपत्री पूर्ण झाली, पाचवीसाठी सहा किलोमीटरवरच्या गावी जायचं होतं आणि एसटी तेव्हा धड सुरू नव्हती. जून २०२१ मध्ये वडिलांनी दोन्ही मुलांचे दाखले काढून घेतले.

एवढं सगळं अडचणीचं. पण वडील अडचणीवर थांबत नाहीत. त्यांच्या मते देवाचं वचन लेकरांना आधी आई-बापाच्या तोंडून मिळालं पाहिजे, घरी बसता-उठता, वाटेनं चालता. आधार बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायाचा. शाळेतल्या परिपाठात, सरस्वतीपूजनात आपली मुलं कोपऱ्यात उभी राहतात हे त्यांना बोचायचं. कुणी त्रास दिला असं ते म्हणत नाहीत. मी दोन-तीनदा खोदून विचारलं, तरीही नाही. "आमचं कोणाशी वैर नाही, साहेब. पोरं दोन मनाची होऊ नये एवढंच."

आजीचा याला विरोध होता आणि तो तिनं कधी लपवला नाही. मला सर्वांत मोलाचं वाटलं ते तिचंच बोलणं. विदर्भातला ख्रिस्ती समाज शाळेच्या बोटाला धरून वर आला. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यानं नागपुरात १८४६ मध्ये शाळा काढली, पुढे १८८३ मध्ये त्याच्या नावाचं कॉलेज उभं राहिलं. इकडे वऱ्हाडात १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमांत आलेली पोरं अक्षर शिकून नर्सा झाली, मास्तर झाली, कंपाउंडर झाली. आजीचे यजमान यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत कामाला होते. १९८३ मध्ये सेमिनरी पुण्याला गेली आणि हे कुटुंब गावी परतलं. आजी मला म्हणाली, "मिससायबिनं घरोघरी फिरून आमाले शाळेत बसोलं. अन् हे शिकलेले होऊन पोरं शाळेतून काढून राह्यले." गाडगेबाबांचं शेंडगाव इथून फार लांब नाही. हातावर भाकर घेऊन खा पण पोरांना शिकवा, हे सांगणं या मुलखात ख्रिस्ती-हिंदू सगळ्यांच्या कानावरून गेलेलं आहे. आजी तेही सुनावायची.

गंमत अशी, की घरशाळेत सर्वांत जास्त तास कुणी दिले असतील तर याच आजीनं.

दिवस

साडेपाचला आजी सगळ्यांना उठवते. सहाला प्रार्थना. 'उपासनासंगीत' या गीतपुस्तकातलं एक गीत, मग एक अध्याय, प्रत्येकानं आपल्या वाट्याची वचनं वाचायची. धाकटी अक्षरावर बोट ठेवून वाचते. 'इस्राएलाच्या' या शब्दापाशी तिची गाडी हमखास थांबते आणि सगळे थांबतात. कुणी पुढचा शब्द सांगत नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते अवघड वाटलं, इतका वेळ गेला. पण शिक्षकी पेशात पस्तीसेक वर्षं घालवून सांगतो, वर्गात मूल अडखळलं की चार पोरं ओरडून उत्तर देतात आणि ते मूल पुन्हा कधी स्वतःहून वाचत नाही. इथे तसं होत नाही.

प्रार्थनेनंतर वडील मोटारसायकल काढतात. आई पोळ्या लाटत पाढे म्हणवून घेते. साडेसातला ओसरीवर सतरंजी पडते. प्लायवूडला काळा रंग दिलेला फळा, तो वडिलांनी केलेला. तीन मुलं तीन इयत्तांची, आणि शिकवणारी एक. डी.एड.ला बहुवर्ग अध्यापन म्हणून जे शिकवतात ते पुष्कळ शिक्षक परीक्षेनंतर विसरतात. या बाईला ते पोटापाण्यासाठी कधी वापरायला मिळालं नाही, म्हणून की काय, ते तिच्याकडे टवटवीत राहिलं आहे. एक मूल तिच्यासमोर, एक आजीजवळ वाचत, एक स्वतःचं लिहीत. अर्ध्या तासानं जागा बदलायची. आजीच्या मनगटावर घड्याळ आहे आणि त्या बाबतीत ती दयामाया दाखवत नाही. साडेदहाला शाळा सुटते, कारण आईला शिदोरी घेऊन वावरात जायचं असतं. एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो तेव्हा हेच सगळं एक तास आधी सरकतं.

पुस्तकं बालभारतीची. गावातल्या पोरांनी टाकलेली जुनी, नाहीतर ई-बालभारतीवरून मोबाईलवर उतरवलेली. सुरुवातीला वडिलांच्या एका स्नेह्यानं अमेरिकेतल्या ख्रिस्ती घरशाळांसाठी छापलेल्या वह्यांचा गठ्ठा दिला होता. तिकडे ही चळवळ जुनी आहे, १९९३ पर्यंत सगळ्या राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर झालं, आणि त्यात ख्रिस्ती कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत. तयार सामानाची बाजारपेठच उभी आहे. पण त्या वह्यांत गणितं डॉलरची, ताप फॅरनहाइटमध्ये, ऋतूंच्या पाठात बर्फ, आणि सगळं इंग्रजीत. आईनं त्यातली घड्याळाची पानं तेवढी वापरली. बाकीचा गठ्ठा कोऱ्या बाजूनं शुद्धलेखनाला गेला.

दुपारी थोरली स्वतःचा अभ्यास करते, मधला शेळ्या घेऊन धुऱ्यावर जातो, धाकटी झोपते. चारला गावची शाळा सुटली की तिघं गावच्या पोरांत खेळायला पळतात. मुलं एकलकोंडी होतात ही घरशाळेबद्दलची नेहमीची भीती खेळाच्या बाबतीत इथे खरी ठरली नाही. थोरलीच्या बाबतीत ठरली. बारा-तेरा वर्षांच्या मुली संध्याकाळी खेळत नाहीत, त्या शाळेच्या वाटेवर बोलतात. तिला ती वाटच नव्हती. रविवारी तालुक्याच्या चर्चमध्ये संडे स्कूलला तिच्या वयाची एक मुलगी भेटायची, तेवढीच.

संध्याकाळी साडेसातला पुन्हा प्रार्थना, आणि त्यात या घरानं न ठरवता एक फार चांगली गोष्ट करून ठेवली आहे. या मंडळ्यांमध्ये उपासनेत साक्ष देण्याची रीत असते. उभं राहायचं आणि आठवड्यात देवानं काय केलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. घरच्या प्रार्थनेत मुलं साक्षीच्या जागी आज काय शिकलो ते सांगतात. उभं राहून, पुस्तक न पाहता, आजीला समजेल असं. मधल्यानं एकदा बाष्पीभवन सांगितलं. त्या दिवशी आईनं विहिरीचं एक तांब्या पाणी आणि टँकरचं एक तांब्या पाणी दोन कढयांत आटवलं होतं. विहिरीच्या पाण्याच्या कढईत तळाला पांढरी खरपुडी धरली. पोरानं ती बोटानं खरवडून चाटली होती. "ढग खारे नसते, कारण मीठ उडत नाही. म्हणून पावसाचं पाणी गोड." आजीनं विचारलं, मग समुद्राचा पाऊस खारा कसा नाही? तो थांबला, विचार केला, आणि म्हणाला, तेच तर सांगतो आहे. आमच्या प्रशिक्षणांत मौखिक अभिव्यक्ती म्हणून ज्या गोष्टीवर दिवस-दिवस भाषणं होतात ती इथे जेवणाआधी पाच मिनिटांत होते.

दशमांशाचं गणित

एक पाठ तपशिलात सांगतो, कारण तो मी समोर बसून पाहिला.

गेल्या हंगामात दोन एकरांत कपाशी होती. झाली नऊ क्विंटल साठ किलो. कोरडवाहूला बरी म्हणायची. व्यापाऱ्याला सात हजार रुपये क्विंटलनं दिली. आईनं मुलाला कामाला लावलं : एकूण किती? सदुसष्ट हजार दोनशे. या घरात उत्पन्नाचा दहावा भाग देवाचा. दहावा भाग किती? मुलानं भागाकार मांडलाच नाही, दशांश चिन्ह एक घर सरकवलं : सहा हजार सातशे वीस. दशांश अपूर्णांक हा पाचवी-सहावीच्या पोरांचा नावडता धडा. याला तो कधी शिकवावा लागला नाही, लहानपणापासून दानाच्या पाकिटात तो बघतच आला.

मग त्यानं विचारलं, "पप्पा, दशमांश खर्च काढून द्याचा का खर्चाच्या आंधी?"

वडील चहा पीत होते. मोठमोठ्या मंडळ्यांत या प्रश्नावर वाद होतात हे त्यांना ठाऊक होतं. पोरगं विचारेल असं वाटलं नसावं. ते म्हणाले, आधी खर्च तर काढ. मग आईनं मागच्या भिंतीवरची कॅलेंडरं उतरवली. खर्च त्यांच्यावर लिहिलेला असतो. बियाणं, खत, फवारणी, डवरणी, निंदण, वेचाई. वेचाई दहा रुपये किलोनं धरली तर नऊशे साठ किलोचे नऊ हजार सहाशे. यातली बरीचशी वेचाई आईनंच केलेली. ती मजुरी धरायची की नाही? मुलगा म्हणाला नाही, कारण कुणाला दिली नाही. थोरली म्हणाली धरायची, कारण आई दुसऱ्याच्या वावरात गेली असती तर मिळाली असती. शेतमालाचा उत्पादनखर्च मोजताना कुटुंबाचे कष्ट धरायचे की नाही, यावर कृषिमूल्य आयोगापासून शेतकरी संघटनांपर्यंत सगळे इतकी वर्षं भांडत आले, आणि इथे ओसरीवर भावंडं तेच भांडत होती. आईनं थोरलीच्या बाजूनं निकाल दिला. एकूण खर्च एकेचाळीस हजार पाचशे.

उरले पंचवीस हजार सातशे. त्याचा दहावा भाग दोन हजार पाचशे सत्तर. दोन उत्तरांतला फरक काढ, आई म्हणाली. चार हजार एकशे पन्नास. मुलगा त्या आकड्याकडे बघत राहिला, मग खर्चाच्या आकड्याकडे, आणि एकदम म्हणाला, हा तर खर्चाचाच दहावा भाग आहे! बीजगणितात ज्याला वितरणाचा नियम म्हणतात तो त्याला नियम म्हणून अजून माहीत नाही. पण सापडला तो कायमचा.

वडिलांनी शेवटी दशमांश एकूण उत्पन्नावर दिला. पहिल्या पिकाचा मान म्हणून. मी आईला नंतर विचारलं. "हिशेब पोराचा बरोबर आहे, देणं यांचं बरोबर आहे," एवढंच ती म्हणाली. चार हजार एकशे पन्नासमध्ये त्या घरात काय काय आलं असतं ते मी मोजलं होतं. तिनंही मोजलं असणार.

पाठाचं शेपूट अजून होतं. २०२४-२५ चा मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,१२१ रुपये, आपण सात हजारानं का दिला, असं थोरलीनं विचारलं. एकशे एकवीस गुणिले नऊ पूर्णांक सहा दशांश : एक हजार एकशे एकसष्ट रुपये साठ पैसे गेले. खरेदी केंद्रापर्यंत गाडीभाडं, नोंदणी, आणि तिथे नंबर लागेस्तोवर बुडणारे दिवस हे वडिलांनी सांगितलं, तेव्हा मुलीनं ते गणित खोडून टाकलं.

वेच्याचे दिवस

आता दुसरी बाजू. मी मुलांच्या वह्या तारखेवार लावल्या. जुलै ते सप्टेंबर भरगच्च, आईची लाल शाई पानापानावर. दसऱ्यानंतर पानं विरळ होतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लाल शाई जवळपास नाही. कापूस फुटला की आई सकाळी सातला वावरात असते, पाचला परत येते. घरचा वेचा झाला की दुसऱ्याच्या वावरात किलोवर. तो पैसा घराला लागतोच. त्या काळात धाकट्या दोघांना थोरली शिकवते.

शिकवते छान. धाकटीचा हातच्याचा बेरीज-वजाबाकीचा पाया तिनं घातला आहे. पण त्याच अडीच-तीन महिन्यांत तिची स्वतःची वही कोरी आहे. सातवीच्या पातळीची समीकरणं तिथेच तुटली आणि पुढच्या वर्षी आठवीची त्यावर बसलीच नाहीत. घरशाळेच्या नावाखाली घरातली मोठी मुलगी फुकटची शिक्षिका होते आणि तिचं शिक्षण भावंडांत वाटलं जातं, हे मला या प्रकरणातलं सर्वांत गंभीर वाटतं. मी ते वडिलांना तोंडावर सांगितलं. न्यायानं हेही सांगायला हवं की वेच्याच्या दिवसांत गावच्या शाळेतही पट अर्धा होतो. मोठ्या मुली तिथूनही गायब असतात. पण शाळेत गैरहजेरी मांडली जाते. इथे मांडणारं कोणी नव्हतं.

बाकी तपासणीत जे दिसलं ते थोडक्यात. वाचन तिघांचं वयाच्या पुढे. लेखन मागे, आणि चमत्कारिक : थोरलीनं 'पावसाळ्यातला एक दिवस' या निबंधाची सुरुवात "आणि त्या दिवसांत असे झाले की" अशी केली होती. बायबलचं भारदस्त मराठी तिच्या हाडीमासी खिळलेलं. साधं पत्र लिहिताना पेन जड होतं. नकाशात तिघं हुशार, पण बायबलमधले यार्देन आणि गालील आधी सापडतात, वर्धा-वैनगंगा नंतर. पूर्णा मात्र उगमापासून पाठ आहे, सातपुड्यातून निघून चांगदेवपाशी तापीला मिळेपर्यंत. भूमितीची कंपासपेटी कोरी. इंग्रजी कच्चं, आईला वाचता येतं, बोलायचा धीर नाही.

कागद

महाराष्ट्रात शाळा म्हणजे निम्मं शिकणं आणि निम्मा कागद. हे शहरातल्या घरशाळावाल्यांना चटकन कळत नाही, कारण त्यांच्याकडे बाकीचे कागद भरपूर असतात. गावात जन्मतारीख, जात, रहिवास सगळं शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरच्या एका ओळीला टांगलेलं असतं. त्यात हे कुटुंब अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांपैकी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. महाराष्ट्रात अशी कुटुंबं इतर मागासवर्गात मोडतात. ते प्रमाणपत्र काढायचं तरी शाळेचा दाखला लागतोच, आजोबांचा आणि नातवंडांचाही. धाकटी तर कुठल्याच शाळेच्या रजिस्टरवर नव्हती.

कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. कलम १० प्रमाणे सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य. पण न घातल्यास शिक्षा कायद्यात सांगितलेली नाही. घरी आपल्याच मुलांना शिकवणं याबद्दल कायदा काही बोलत नाही. म्हणून मी त्या घरावर काही कारवाई करू शकत नव्हतो आणि करायची इच्छाही नव्हती. माझं काम मुलं शिकतात का हे पाहण्याचं, आणि ती शिकत होती.

गावच्या मुख्याध्यापकांनी वेगळी वाट सुचवली होती : नावं पटावर राहू द्या, मुलं घरी शिकू द्या. त्यांचा त्यात स्वार्थ होता, पण वाईट नव्हता. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं सरकारनं २०२३ मध्ये काढलं, आणि या शाळेचा पट त्या रेषेच्या आसपास. एका घरातली दोन-तीन नावं तिथे गावची शाळा तारू किंवा बुडवू शकतात. वडिलांनी नकार दिला. हजर नसलेल्या पोराची हजेरी लावणं म्हणजे खोटी साक्ष, हे त्यांचं उत्तर. दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहून घेतलं. मी त्यांचं म्हणणं मान्य करतो. तरी या प्रामाणिकपणाची किंमत पुढे थोरलीनं मोजली, हेही नोंदवतो.

कारण २०२४ मध्ये थोरलीनं सांगितलं की तिला नर्स व्हायचं आहे. घराण्यात दोन आत्या नर्स आहेत. नर्सिंगला बारावी लागते, बारावीला दहावी, आणि दहावीला बसायचं तर कागद. खाजगीरीत्या बसायचा १७ नंबरचा फॉर्म तिच्या उपयोगाचा नव्हता. त्याला किमान पाचवी उत्तीर्णचा दाखला लागतो आणि तिच्या हातात चौथीचा. एका इयत्तेनं हुकलं! दुसरा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. दहावीची परीक्षा मराठी माध्यमातून देता येते, वयाची चौदा पूर्ण हवीत. पण विज्ञानाची प्रात्यक्षिकं करायला अभ्यासकेंद्र शहरात. तिसरा रस्ता महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाचा : पाचवी, आठवी, दहावी, बारावी या टप्प्यांच्या परीक्षा, आठवीसाठी वयाची तेरा पूर्ण लागतात. आईनं हा धरला. थोरली आठवीला बसली. उत्तीर्ण झाली, गणितात काठावर. वह्यांतली ती कोरी पानं गुणपत्रिकेत उतरली.

ते प्रमाणपत्र घेऊन बापलेक एका माध्यमिक शाळेत नववीच्या प्रवेशाला गेले, तर कार्यालयात विचारलं, हे कोणतं बोर्ड? तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला मी बरोबर गेलो आणि शासन निर्णयाची प्रत टेबलावर ठेवली. प्रवेश मिळाला. जो पालक कुणा निवृत्त केंद्रप्रमुखाला ओळखत नाही त्यानं काय करायचं, हा प्रश्न मी शिक्षण विभागातल्या जुन्या सहकाऱ्यांना विचारला आहे.

जून २०२५ मध्ये विदर्भातल्या शाळा उघडल्या तेव्हापासून थोरली एसटीनं जाते. ग्रामीण मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेतून पास मोफत आहे, तेवढा खर्च वाचला. गाडी लवकरची, म्हणून घरची प्रार्थना अर्ध्या तासानं आधी सरकली. पहिल्या घटक चाचणीत मराठी आणि समाजशास्त्रात ती वर्गात पुढे, बीजगणितात मागून तिसरी. वर्गशिक्षिकेनं तिला प्रार्थनेनंतर रोज बातम्या वाचायला उभी केली. उभं राहून बोलायची भीती तिला नाही, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं.

धाकटीवरून घरात वाद झाला. आईनं तिला गावच्या शाळेत घालायचं ठरवलं, वडील नाही म्हणाले, आजी दोन दिवस जेवली नाही असं कळलं. शेवटी वयानुरूप प्रवेशाच्या तरतुदीनं ती दुसरीत बसली. सकाळची प्रार्थना आणि वाचन घरी, दहानंतर शाळा. मुख्याध्यापकांना एक खरी हजेरी मिळाली.

मधला अजून घरीच शिकतो. त्याला तसंच हवं आहे, शेळ्यांसकट. या वर्षी आईनं दुसऱ्याच्या वावरातला वेचा बंद केला. घरचा वेचा असेल त्या दिवसांत गणित वडील घेतील असं ठरलं आहे, आणि वहीत तारीख व सही दोघांचीही लागेल ही अट मी घातली आहे. मुक्त विद्यालयाच्या पाचवीचा त्याचा अर्ज भरायचा आहे. शाळेच्या दाखल्यावर आडनाव एक आणि आधारवर दुसरं निघालं, म्हणून तो अर्ज तूर्त थांबला आहे. प्रतिज्ञापत्रासाठी वडील पुढच्या सोमवारी तहसीलला जाणार आहेत.